मोबाईलच्या पोटातलं उरलेलं सामान

कोल्हापूर, गुरुवार

सौ. आक्कास, नागसेनचा मानाचा जय भीम. दाजींनाही सांग.

तुझा गुडघा आता काय म्हणतो? दाजींचा खोकला बसला का? इकडे मी, शिवानी आणि तुझी तान्ही भाची सुखरूप आहोत (म्हणजे त्या दोघी मुरगूडला शिवानीच्या माहेरी सुखरूप आणि मी इथे, स्वतःच्या हातचं खाऊन माणूस जेवढा सुखरूप राहतो तेवढा).

पत्र बघून घाबरू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. झालं होतं ते माझ्या मोबाईलला, आणि ते मी माझ्या हातानं बरं केलं! आक्का, मी मोबाईल उघडला. आतला सेल काढून नवा घातला, झाकण लावलं आणि तो चालू झाला! हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागेना.

झालं असं. घरभरणीच्या जेवणात तू माझ्या सासरच्या मंडळींदेखत पांढरा रस्सा पातळ झालाय म्हणालीस, मी म्हणालो की तुमच्या गगनबावड्याचा पाऊस येताना तूच घेऊन आली असशील, आणि तेव्हापासून आपलं बोलणं बंद. आता येत्या रविवारी इथे आपल्या घरी पोरीचं बारसं. आत्याशिवाय नाव ठेवणार कोण? शिवानीनं बोलावलं तर तू येणार नाही म्हणून दाजींकरवी कळवलंस. शेवटी मीच नाक मुठीत धरून फोन लावला. तीनदा लावला. तिन्ही वेळा तू उचलायच्या आत फोनचा जीव गेला (मिस कॉल देऊन खिजवतोय असंच तुला वाटलं असणार). फोन उलटा करून बघतो तर आतल्या सेलनं टम्म फुगून झाकण वर उचललेलं.

मोबाईलवाला म्हणाला, सोमवारी या. बारसं रविवारी आणि याचा सोमवार! उसाच्या ट्रॅक्टरची अख्खी इंजिनं उतरवणारा माणूस मी, मला हा हातभर नाही की वीतभर नाही असला डबा अडवणार? नवा सेल आणला आणि घरात परात मांडली (परात अशासाठी, की स्क्रू पडला तर तिच्यातच पडावा). शेकायच्या पिशवीनं झाकणाचा डिंक मऊ केला, पातळ पट्टीनं झाकण उचललं. काय सुबक संसार आहे गं आत! एवढ्याशा जागेत सगळे एकमेकांना चिकटून बसलेले, तरी कुणाचं भांडण नाही. फुगलेला सेल श्वास रोखून अलगद काढला, अंगणात वाळूच्या बादलीत ठेवला आणि नवा बसवला.

झाकण लावल्यावर परातीत तांदळाएवढे दोन स्क्रू आणि नखाएवढी एक पट्टी उरली. आमच्या गॅरेजात काम झाल्यावर एखाददुसरा नट उरतोच. आमचे मिस्त्री म्हणतात, 'उरलंय ते कंपनीनं जास्तीचं दिल्यालं असतंय.' एकही ट्रॅक्टर त्यावाचून अडलेला नाही, म्हणून तोच कायदा मी मोबाईलला लावला.

मग तुला फोन केला. तू उचललास, कोण हाय म्हणून विचारलंस. मी सांगितलं. तू परत विचारलंस. मी असा ओरडलो, की शेजारच्या शालूबाई काय झालं म्हणून धावत दारात आल्या. तुला मात्र काही ऐकू जाईना. त्या नखाएवढ्या पट्टीतच फोनचं तोंड होतं, हे मला नंतर कळलं. कान शाबूत, तोंड परातीत! मी फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात तू बोलायला लागलीस.

"नाग्या, तुझाच नंबर हाय, कळतंय मला. नगं बोलूस, बस तसाच. रस्सा चांगला झालता की. मला दुसऱ्या पंगतीला बसवलंस, त्याचा राग हुता. सख्खी भैन मी, आन् तुझ्या सासरची मानसं पयली. असू दे. पोरीचं नाव मी कवाच काढून ठिवलंय."

आणि ते नाव सांगून तू फोन ठेवलास.

आक्का, मी परातीसमोर बसून रडलो. शालूबाईंना वाटलं, मोबाईल गेला म्हणून रडतोय. त्यांनी चहा आणून दिला. एवढे दिवस मी रश्श्याचाच विचार करत होतो, पंगतीचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि तुझ्यासमोर मी जन्मात पहिल्यांदा गप्प बसलो, तेही तोंड परातीत राहिलं म्हणून!

रविवारी पहिल्या पंगतीतलं पहिलं ताट तुझं. बुद्धवंदना झाली की पाळण्यापाशीही तूच. दुधाच्या टेम्पोवाल्या जोतीरामच्या हाती हे पत्र देतोय, त्याच्याच हाती निरोप धाड.

तुझाच,
नाग्या

ता. क. : शालूबाईंचा फोन मागता आला असता. पण अनोळखी नंबर तू उचलत नाहीस, आणि हे बोलणं शालूबाईंच्या देखत मला जमलं नसतं.

आणखी एक : शनिवारीच ये आणि रस्सा तूच कर. त्या दिवशीचा खरंच पातळ होता.

शेवटचं : नाव मी कुणाला सांगितलेलं नाही, शिवानीलाही नाही. ते पोरीच्या कानात पहिल्यांदा तूच सांगायचं. मला कुणी विचारलंच तर सांगेन, फोन बिघडला होता, काही ऐकू आलं नाही.