चंद्र सिंहेत येण्याआधी

आदरणीय अद्वैत सर,

आपल्यासारख्या जाणकाराला मी लिहावे, हे धार्ष्ट्यच, क्षमा असावी. आभाळ भरून आलेले पाहून हे पत्र सकाळीच फोनवर लिहायला घेतले होते. पाठवण्याचे धैर्य होत नव्हते.

बायोडायनॅमिक शेतीत चंद्र-ताऱ्यांच्या गतीप्रमाणे कामे करतात; चंद्र सिंह राशीत आल्यावरच द्राक्षे तोडायची, म्हणून आपण परवाचा सोमवार ठरवून दिलात. आधी तोडलेला माल आपली वायनरी घेणार नाही, असेही बजावलेत. आपल्या सांगण्यावरून खतासाठी शेणाने भरलेले गाईचे शिंग मातीत पुरले तेव्हापासून आपला एकही शब्द मी मोडलेला नाही. परंतु दुपारी परतवाड्याला गारा पडल्या आणि तेच आभाळ आता आमच्या मळ्याकडे सरकते आहे. आपला फोन लागत नाही.

बाबा बांधावर बसून म्हणतात, “सायबाले इचारल्याबिगर कैची लावू नोको, पोरी. त्यानं माल घेतलाच नाही तं?”

तोडणीसाठी मी बोलावलेल्या पार्वताकाकू म्हणाल्या, “मंग चंद्रालेच सांगा ना भाऊ, गारा अडवाले!”

बायका हसल्या. बाबा हसले नाहीत.

सर, द्राक्षांत गोडी पुरती भरली आहे. पहिला घड मी कापला आहे. मी परवानगी मागत नाही, कळवते आहे. माल नाकारायचा असेल, तर बाबांना नव्हे, मला फोन करावा.

आपली विद्यार्थिनी,
प्रणाली

पाठवले: शनिवार, २८ फेब्रुवारी २०२६, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे