सोसायटीची भट्टी आणि बिघडलेली केळी

निर्मळ,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप गुरुदत्तदादाच्या पायांशी रुक्मिणीचा वाकून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे सगळी खुशाल. तुझ्या मेहुण्यांच्या भुवया तेवढ्या जळाल्या आहेत, पण त्या उगवतील असं डॉक्टर म्हणाले.

त्याचं असं झालं. बागायतदार सोसायटीचे चेअरमन झाल्यापासून ह्यांच्या अंगात सुधारणा शिरली आहे. (आधी फक्त पित्त होतं.) राजेळी केळी सोलून कितीतरी दिवस मांडवावर वाळवायची, कावळे हाकायचे, रात्री झाकायची, तेव्हा कुठे सुकेळी व्हायची, हे ह्यांना रानटी वाटू लागलं. म्हणून वसईहून पत्र्याचं कपाट करून आणलं. आत जाळीचे कप्पे, खाली स्टोव्ह. एका दिवसात सुकेळी! सभेत ह्यांनी लांबलचक भाषण केलं. जगन्नाथकाका शांतपणे म्हणाले, "हरिभाऊ, सूर्याला रॉकेल घालावं लागत नाही." सभा तिथेच उठली. हे मात्र हट्टाला पेटले. यंदाच्या जत्रेत भट्टीची सुकेळी विकून दाखवीन, नाहीतर चेअरमनकी सोडीन, असं सगळ्यांसमक्ष बोलून बसले.

पहिल्या खेपेला कोळसा झाला (भुवया तेव्हाच गेल्या). पुढची खेप जत्रेच्या आदल्या दिवशी. कपाट उघडलं तर आत तांबूस, चिकट, तार सुटणारा गोळा! हे पायरीवर बसून राजीनाम्याची वाक्यं जुळवू लागले. मला इतकं वाईट वाटलं, की हसू येत असूनही मी हसले नाही. तेवढ्यात शेजारची रेजिना डोकावली. तिने बोटाने चाटून पाहिलं आणि ओरडली, "अगो बाय, हे टाकतेस? थांब, पाव घेऊन येते!"

दादा, जत्रेत आमच्या दुकानापुढे नुसती झुंबड! द्रोणात गोळा आणि बरोबर पाव. (सोवळ्यातल्या मामींनी पाव मागून मागून खाल्ला, हे कुठे बोलू नकोस.) दिवेलागणीच्या आत सगळं फस्त. जगन्नाथकाका बोटं चाटत म्हणाले, "चेअरमन, खुर्ची सोडू नका. फक्त काय करणार ते आम्हाला आधी सांगत जाऊ नका." पण हे फुगलेलेच. "ही सुधारणा नव्हे, हा अपघात आहे!"

खरी गंमत पुढेच. रेजिनाच्या आळीने नाताळासाठी तोच गोळा मागितला. सोसायटीने एकमताने ठराव केला, की केळी पूर्वीसारखीच बिघडवावीत. ह्यांनी बिघडवण्यासाठी जिवाचं रान केलं. स्टोव्ह वाढवला, कपाटाचं दार उघडं टाकलं, एकदा मुद्दाम झोपलेसुद्धा. आणि काल पाहिलं तर सोनेरी, मऊ, एकसारखी सुकेळी! मांडवावरच्यांनी माना खाली घालाव्यात अशी. सभासद नाराज होऊन घरी गेले आणि हे एकटेच अंगणात नाचले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांना नाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं. गोळा आता मी आणि रेजिना कढईत करतो. तिथे तो हमखास बिघडतो.

वहिनीला नमस्कार, मुलांना पापे.

तुझी,
रुक्मिणी

ता. क. : सुकेळ्यांचा डबा घेऊन हे शनिवारी तुझ्याकडे येतील. खरं काम आता सांगते. तुमच्या मुंबईत म्हणे शेतकी प्रदर्शन भरलंय आणि तिथे कोंबडीशिवाय अंडी उबवणारं यंत्र आहे. प्रदर्शन उठलं असं ह्यांना सांग. पाप लागलं तर मला लागू दे.

आणखी ता. क. : वरचं राहू दे. मीही येते आहे. त्या अंड्यांतून आमच्या घरी काय निघेल, ते पाहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही.