नदीपलीकडची रूथ

साउथलँड,
१६ मार्च २०१४

ती. लीलाताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तुला माझं अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू रागावून ऐकतेस, म्हणून हे पत्र. अप्पर हटचं शहर सोडून इथे, या देशाच्या दक्षिण टोकाला, आल्याला वर्ष होत आलं. रमण पाळक आहे त्या चर्चची मंडळी लहान, बहुतेक गाईम्हशींत राबणारी. म्हशी इथे नाहीत, सवयीने लिहून गेले.

नदीपलीकडे ‘कनान फार्म’ नावाची वस्ती आहे. त्यातली काही घराणी अमेरिकेतून, जुन्या रीतीने राहणाऱ्या आमिश ख्रिस्ती लोकांच्या शेजारातून आलेली. सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र, बायकांचे निळे पायघोळ झगे, डोक्याला पांढरा रुमाल, टीव्ही नाही. माणसं भली आहेत. वादळात आमच्या चर्चचं छप्पर उडालं तेव्हा त्यांचे पुढारी ब्रदर सायलस यांनी माणसं पाठवून ते बसवून दिलं. सकाळी आमच्या दारात त्यांच्या दुधाचं कॅन असतं. ईस्टरला दोन्ही मंडळ्यांनी एकत्र उपासना करावी असं रमणच्या फार मनात आहे.

फाटकाशी त्यांचा मधाचा स्टॉल असतो. तिथे रूथ नावाची मुलगी बसते, आपल्या ओवीहून थोडी मोठी. मी नगरला मिशन हॉस्पिटलात नर्स होते हे कळल्यापासून ती मला प्रश्न विचारून भंडावते. मध घरात इतका साठलाय की ओवी म्हणते, आई, वी हॅव हीप्स, म्हणजे ढीगभर.

आईला माझा सलाम सांग. तुम्हा दोघींची माया अशीच राहू दे.
तुझी,
निवेदिता


अहमदनगर,
९ एप्रिल २०१४

चि. निवेदितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, शेजाऱ्यांनीही ऐकलं. म्हशींपाशी ती खूप हसली. तिचे गुडघे आहेत तसेच, पण रविवारी उपासना चुकवत नाही.

त्या पोरीबद्दल एक सांगते. मधासाठी इतक्या फेऱ्या कोणी घालत नाही. तुला तिला शिकवायची हौस आली आहे. हौस असू दे, पण तिने उद्या हात पुढे केला तर काय करशील ते आजच ठरवून ठेव.

जावईबापूंना सलाम. पत्राला उशीर करू नकोस, इथे दोघी वाट पाहतात.
तुझी ताई,
लीला


साउथलँड,
२४ ऑगस्ट २०१४

ती. लीलाताईस,
सप्रेम सलाम.

तू म्हणालीस तसंच झालं आणि माझं काहीच ठरलेलं नव्हतं.

रूथने विचारलं, की ती वस्ती सोडून आली तर नर्सिंगला प्रवेश मिळेपर्यंत आमच्या मागच्या खोलीत राहू का. ती सज्ञान आहे. एवढं विचारताना तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, विचार करते. आणि संध्याकाळी रमणला सांगितलं.

रमणचं म्हणणं पडलं की शेजाऱ्याच्या पाठीमागे काही करायचं नाही. मुलीने उघडपणे, आईबापांचा आशीर्वाद घेऊन निघावं. तो ब्रदर सायलसशी मोकळेपणी बोलेल. तो गेला. सायलसनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याचे आभार मानले, चहा दिला.

पुढच्या शनिवारी स्टॉलवर दुसरीच बाई होती. रूथला आतल्या स्वयंपाकघरात काम दिलंय, ती आता बाहेर येणार नाही, एवढंच तिने सांगितलं. रमण म्हणतो की तो खरं वागला. पण त्या दिवसापासून त्याला जेवण जात नाही. अशा भोळ्या माणसाला काय बोलावं? दूध अजून येतं. मी ते ओतूनही देऊ शकत नाही आणि पिऊही शकत नाही.

माझ्यासाठी प्रार्थना कर.
निवेदिता


अहमदनगर,
१५ सप्टेंबर २०१४

चि. निवेदितास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही. रमण भोळा, त्याने सांगितलं, असं तू लिहिलंस. इतकी वर्षं त्याच्याबरोबर संसार केलास. त्याला सांगितल्यावर तो काय करील हे तुला खरंच ठाऊक नव्हतं? मला वाटतं, नाही म्हणायची तुला लाज वाटली आणि हो म्हणायची भीती, म्हणून तू ते त्याच्या अंगावर टाकलंस.

रागावून लिहीत नाही. आईला सांभाळताना मीही कितीदा ‘डॉक्टर ठरवतील’ म्हणून सुटते. पण तू त्या फाटकाशी जा. परत पाठवतील. पुन्हा जा.

तुझ्यावर पूर्वीइतकाच जीव असलेली,
लीला


साउथलँड,
५ फेब्रुवारी २०१७

ती. लीलाताईस,
सप्रेम सलाम.

अडीच वर्षं फाटकाशी जात राहिले, भेटू दिलं नाही. मंगळवारी दुपारी रूथ स्वतःच निघून आली, चालत.

पुलानंतर पहिलं घर आमचं. मी कपडे वाळत घालत होते. निळा झगा दिसला, मी हात वर केला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, मान खाली घातली आणि पुढे गेली. मी हातातल्या चादरीसकट तशीच उभी राहिले.

ती गेली संपदाच्या डेअरीत. दूधडेअरी नव्हे, इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. संपदा सांगलीची, शिकायला आली आणि इथलीच झाली. तिने रूथला काही विचारलं नाही. वरची खोली दिली, स्वतःचे कपडे दिले, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, दिल्या. फार्मचा मध दुकानात येतो, तो बंद होईल याची भीती नाही वाटली का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली की तो विचार आला, पण तोवर पोरीचा चहा पिऊन झाला होता.

ताई, सांगलीच्या या हिंदू मुलीला जे सहज जमलं ते पाळकाच्या घरात जमलं नाही. रमणने आज सकाळी उपासनेत उभं राहून सगळं सांगितलं, माझंही नाव घेऊ का असं आधी विचारून. मी हो म्हटलं. नंतर तो रूथकडे गेला. तिने संपदाकरवी निरोप दिला, की तिला त्याला भेटायचं नाही. तो म्हणाला, बरोबर आहे.

आईच्या तब्येतीचं कळव.
निवेदिता


साउथलँड,
१७ डिसेंबर २०१७

ती. लीलाताईस,
सप्रेम सलाम.

रूथला फेब्रुवारीपासून इन्व्हरकार्गिलला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फॉर्म भरायला तिने मला बोलावलं. मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, विचार करते. ते शब्द माझेच होते; तिने मुद्दाम वापरले की नाही, कळलं नाही.

मग म्हणाली की एक काम करा. तिला फार्मवर बंदी आहे, तिथे तिचं नावही घ्यायचं नाही असं ठरलंय. पण पाळकाच्या बायकोला आत येऊ देतात. तर मी अधूनमधून जावं आणि तिच्या आईला तिची खुशाली कळवावी. म्हणजे मला सायलसच्या टेबलाशी बसून त्यांचं आदरातिथ्य घ्यायचं, हसायचं. मी हो म्हटलं. या वेळी रमणला नंतर सांगितलं.

काल गेले. तिची आई, सिस्टर डॉर्कस, ओसरीत बाकीच्या बायकांबरोबर मटार सोलत होती. मी शेजारी बसून सोलू लागले. म्हटलं, आमच्या ओळखीतली एक मुलगी नर्सिंगला चालली आहे. खोली चांगली मिळाली. आता जेवते नीट.

कोणी वर पाहिलं नाही. डॉर्कसचे हात थांबले नाहीत. शेंगेकडेच बघत तिने विचारलं की इन्व्हरकार्गिलला हिवाळ्यात फार वारा असतो, त्या मुलीकडे लोकरीचे मोजे आहेत का.

गावाचं नाव मी घेतलं नव्हतं, ताई.

मी सांगितलं की नाहीत. ती उठून आत गेली.

तुझी,
निवेदिता