अकरा नंबरची बाई ओरडली नव्हती

मंगळवार, तारीख नऊ, दुपार

चि. भिंगरी हिला आजीचे पोटभर आशीर्वाद. त्यातले निम्मे आत्ता घे, निम्मे माझा राग उतरल्यावर. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने आहेत. तू हॉस्टेलात वेळेवर जेवतेस असं धरून चालते. अक्षर वाकडं आहे ते चालवून घे. शाळा दुसरीपर्यंत, बाकीचं नोकरी सुटल्यावर चाळिशीत शिकले.

अगं, पण काय आनंद झाला म्हणून सांगू! ती भुताच्या इस्पितळाची मालिका संपली, तरी त्यातली माणसं घेऊन तू मोबाइलवर पुढची गोष्ट लिहितेस. शेजारची शिंपीण म्हणाली, याला फॅनफिक्शन म्हणतात. म्हणेनात का. तिने अक्षर मोठं करून दिलं आणि मी बोट ठेवून ठेवून सोळा दिवसांत सगळं वाचलं. ती म्हणत होती, "आजी, मी वाचून दाखवते की." मी म्हटलं, "नात माझी, डोळे माझे, तू आपले ब्लाउज शिव." तुझ्या गोष्टीखाली एकशे चाळीस माणसांनी लिहिलंय! एक तर म्हणते, दिवा लावून झोपले. शिंपिणीच्या दुकानात येईल त्या बाईला मी हे सांगते. आता बायका मापं दुसरीकडे द्यायला लागल्यात.

आता चुका. तुझा तो हीरो सहा महिने बेशुद्ध असतो, जागा होतो, सलाइन उपटतो आणि तीन जिने उतरून पळतो. कसा गं? सहा महिने न हललेल्या माणसाला पलंगाच्या कडेला बसवायला दोघं लागतात. बसला की डोळ्यांपुढे अंधारी. पाय म्हणजे ओल्या वाती. आणि लघवीची नळी कुठे गेली? ती तशीच ओढून पळाला असता, तर भूत राहिलं बाजूला, त्याचाच आवाज चार रस्ते ऐकू गेला असता. इस्पितळात आया म्हणून अशा नळ्या मी बावीस वर्षं सांभाळल्या. आधी मला विचारायचंस तरी.

तर या सगळ्याखाली कुणी शहाण्याने लिहिलंय, "इस्पितळ अगदी खरंखुरं उभं केलंय." ते वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरंखुरं! तुझी बाळंतीण किंचाळते, भिंतींवरून रक्त ओघळतं आणि वॉर्डातली मावशी खुर्चीत बसून विणकाम करते. मग बाळंतिणीचं भूत एकेकाला धरतं. येत्या रविवारी मावशीची पाळी, असं तूच खाली जाहीर केलंयस.

मी विणकाम केलेलं नाही. मला दोन सुया एका वेळी धरता येत नाहीत. तुझ्या बापाचा एक तरी स्वेटर माझ्या हातचा आहे का, विचार त्याला.

आणि पलंगाचा नंबर अकरा. हा नंबर तुला त्यानेच दिला ना? शाळेत पोरं त्याला म्हणायची, "तुझ्या आईने बाई मारली." तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो. त्याने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण लेकीला मात्र रंगवून सांगितलं! धन्य आहे.

आता माझ्याकडून ऐक.

अकरा नंबरची बाई सकाळी बाळंत झाली होती. दुपारी मी तिच्या खालचे कपडे बदलत होते. तासाभरात तिसरा जोड भिजला तेव्हा मी तो धुवायला टाकला नाही. तिन्ही बादलीत ठेवले, डॉक्टरला दाखवायला. बदलणाऱ्या हातालाच वजन कळतं गं, कागदावर ते उतरत नाही. त्याला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, बाळंतपणात रक्त जातंच. तुम्ही फरशी बघा." परत गेले, तर तपासणीचे साहेब आलेले. डॉक्टरने मान वळवली नाही. सिस्टर म्हणाली, "ती बादली आधी हलवा. राउंड इकडेच येतोय."

मी हलवली. मोरीत नेली आणि कपडे धुतले. चांगले घासून.

बाई ओरडली नाही, भिंगरी. म्हणाली, "मावशी, गार वाटतंय. पाय झाकता का? पाणी द्या थोडं. तुम्हाला सारखा त्रास देतेय मी." ओठ पांढरे, कपाळावर घाम, नाडी बोटाखाली नुसती फडफडत होती. मग शहाण्या मुलीसारखी गप्प झाली. ओरडणाऱ्याची भीती नसते, गप्प होणाऱ्याची असते. नंतर सगळे धावले. धावून काय उपयोग, ती गेली होती.

संध्याकाळी कागद आला. मी न वाचताच सही केली. त्यात "आयाने कळवले नाही" लिहिलंय, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि वर साहेब म्हणाले, कळवलंस तर त्याचा पुरावा दाखव. काय दाखवू? कपडे दोरीवर पांढरेशुभ्र वाळत होते.

हे सांगून मी सुटले असं समजू नकोस. मोरीतून परत आले तेव्हा ती बोलत होती. डॉक्टर दहा पावलांवर होता. हाताला धरून ओढून आणायला हवा होता. साहेबांपुढे खेकसेल, नोकरी जाईल, म्हणून मी तिसऱ्यांदा गेले नाही. नोकरी तशीही गेली. हे मी तुझ्या आजोबांनासुद्धा सांगितलं नव्हतं. त्या डॉक्टरवर माझा राग आहे, तुझ्या बापावर आहे, आज तुझ्यावरही आहे. पण सगळ्यात जुना राग त्या दहा पावलांचा आहे.

तेव्हा रविवारी मावशीला मारायचं तर खुशाल मार. तिला भूत धरतं ते बरोबरच आहे. फक्त विणकाम काढ. भिंती कोरड्या ठेव. मावशी डॉक्टरकडे दोनदा गेली ते लिही आणि तिसऱ्यांदा गेली नाही तेही लिही, कुणाला घाबरून ते नीट लिही. तुला जमेल. तुझ्या हातात आहे म्हणून तर एवढी भांडतेय, नाहीतर सोळा दिवस डोळे कोण फोडतं?

लिहून झालं की एकशे चाळीस जणांच्या आधी बापाला वाचायला दे. वाचल्यावर त्याला माझ्याशी काही बोलायचं असेल तर बोलू दे. नसेल तर नसू दे. पण वाचू दे.

तुझी आजी,
अकरा नंबरच्या पलंगाची मावशी