बाबा, लिंबं आणि ते ऊन

प्रिय आई,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तू जेवतेस ना?

परवा फोनवर तू विचारलंस, "मीच त्यांना भर उन्हात लिंबं आणायला पाठवलं, म्हणून गेले ना गं तुझे बाबा?" मी विषय बदलला.

आज वर्गात कार्यकारणभाव शिकवताना तेच उदाहरण दिलं, कुणाचं ते न सांगता. एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, लिंबं तर ती नेहमीच मागवत असणार. ऊन नेहमीचं नव्हतं. जगभरच्या गाड्या-कारखान्यांच्या धुरानं ते इतकं तापलं होतं." मी ते फळ्यावर लिहिलं आणि तास पुरा केला. रडू आलं नाही, अजून येत नाही.

आई, तुझी समजूत घालत नाही, माझा विषय सांगते आहे. बाबा उन्हानं गेले. तू फक्त लिंबं मागवलीस.

तुझीच,
धाकटी