यंदा एकच राखी

टौरंगा,
१८ जुलै २०२५

चि. नितीश यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. सुरेखाचा खोकला गेला का? स्वानंदी शाळेत रुळली का? फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून हे पत्र. कागदावर तरी मध्ये तोंड घालता येणार नाही तुला.

इथे कडाक्याची थंडी आहे. किवीच्या बागेत वेली तारेला बांधायचं काम मिळालंय. सरकारी माणसांनी त्या मिठाईच्या दुकानातून सोडवलं, नवा व्हिसा दिला, कुठेही काम कर म्हणाले. पण तिथे पापाटोएटोच्या देशी बाजारात आपल्या एकाही दुकानदाराने मला दारात उभं केलं नाही. कुठेही म्हणजे, जिथे हरीशदादांना कुणी ओळखत नाही तिथे! पहिल्या सुट्टीला बाहेर निघाले आणि सवयीने घरमालकिणीला विचारलं, "जाऊ का?" ती म्हणाली, "मला काय विचारतेस, लव्ह? स्वीट अ‍ॅज, जा!" 'मस्त, चालेल'ला इथे असं म्हणतात. मी खोलीत परत येऊन रडले.

तू म्हणतोस, त्यांनी मला घरच्यासारखं ठेवलं. ठेवलं ना! मिठाईच्या दुकानामागे झोपायचं, सुट्टी नाही, पासपोर्ट वासंतीवहिनींच्या कपाटात 'जपून'. पगार मागितला की दादा म्हणायचे, "अगं, बहिणीला कुणी पगार देतं का?" आणि मी खुळी, परक्या मुलखात भाऊ हवा म्हणून दरवर्षी त्यांना राखी बांधत होते.

आता त्यांच्या वकिलाने त्याच राख्यांचे फोटो पुढे केलेत. ही कामगार नव्हेच, बहीण आहे, हौसेने हातभार लावायची. फोटोत मी हसतेय रे. त्याचाच राग येतो.

सोमवारी सुनावणी आहे. तू त्यांच्या मिरजेच्या दुकानात आहेस, हे मी विसरलेले नाही. मी बोलले तर तुझी नोकरी जाईल. गप्प बसले तर माझे सगळे कष्ट हौस ठरतील. मला त्यांची भीती वाटत नाही, नितीश. तुझी वाटते.

खरं सांगू? फोनवर तू 'ताई, नको' म्हणाला असतास, तर मी विरघळले असते. म्हणून पत्र. हे तुझ्या हाती पडेल तेव्हा मी बोलून मोकळी झालेली असेन. मला भाऊ एकच, तो मिरजेत असतो, हेही सांगितलेलं असेल.

सोबत राखी आहे. यंदा एकच घेतली. स्वानंदीकडून बांधून घे, नाहीतर दुकानात नेऊन त्यांच्या माणसांपुढे ठेव. मी रागावणार नाही.

तुझी, आणि फक्त तुझीच,
कांचनताई