सह्या झाल्या म्हणून

आसिफभाई, सलाम.

तू चहा देतोस त्या हॉलात सगळे देश जमले, गरमी कमी करायचं ठरवून सह्या केल्या, हा तुझा मेसेज मी अब्बांना वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "मग यंदा ऊन कमी पडंल?" त्यांचं मन राखायला मी हाव म्हणाले.

ते गल्लीभर सांगत फिरले. परवा भर दुपारी समोरच्या छपरावर पत्रे ठोकायला चढले आणि वरच कोसळले. दवाखान्यात अजून डोळे उघडले न्हाईत. मी काय बोलले होते, ते अम्मीला सांगायची हिंमत होत न्हाई.

आत्ता समोर भुजंगकाका त्याच छपराला शिडी लावून राहिलेत. अब्बांबद्दल म्हणतात, मकबूलचं वय झालं म्हणून पडला, ऊन तर यंदा कमीच हाय.

पत्र राहू दे. आता गल्लीत उभं राहून सगळ्यांदेखत सांगावं लागणार, मी खोटं बोलले.

तुझी मनतशा